चोखणी सुटते कधी आणि कशी?

खेड (जि. रत्नागिरी) : गणेशोत्सवाच्या दोन-तीन दिवस आधी कोकण रेल्वेच्या खेड स्थानकात मुंबईहून आलेली गाडी थांबली, की चाकरमान्यांच्या पिशव्या, मखराचे सामान आणि आयांच्या कडेवरची मुले फलाटावर एकदमच उतरतात. त्यांतल्या काही मुलांच्या तोंडात चोखणी असते. औषधांच्या दुकानात ती 'निपल', 'सूदर' किंवा 'पॅसिफायर' अशा वेगवेगळ्या नावांनी मिळते. मूल गावच्या घराच्या ओटीवर पोहोचेपर्यंत तिच्याविषयी कोणाची तक्रार नसते. मग आजीचे लक्ष नातवाच्या तोंडाकडे जाते आणि 'पोराच्या तोंडात हे रबर कशाला?' असा प्रश्न येतो. त्यावरचा उपायही तिच्याकडे तयार असतो. परसातल्या कोरफडीचे पान कापायचे, त्याचा कडू गर चोखणीला लावायचा, की दोन दिवसांत मूल ती आपण होऊन टाकील. सूनबाईंचा अनुभव मात्र असा असतो, की चोखणीवाचून मूल रात्री एक वाजेपर्यंत झोपत नाही आणि सकाळी कोणालाच उठवत नाही.

दोघींपैकी कोणीही सर्वस्वी चूक नाही. चोखणी सुटली पाहिजे हे आजीचे म्हणणे बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य दोघांनाही मान्य होईल. मुलाला तिची गरज वाटते, हे आईचे निरीक्षणही खरे आहे. मतभेद असलाच तर तो ती कोणत्या वयात आणि कोणत्या रीतीने सोडवायची, याबद्दल असायला हवा. पुष्कळ घरांत नेमका हाच भाग चर्चेला येत नाही.

चोखणे ही खोड नव्हे

चोखणे ही अर्भकाने जन्मानंतर शिकलेली वाईट सवय नाही. गर्भाशयात असतानाच बाळ अंगठा चोखते, हे सोनोग्राफीच्या चित्रांत दिसते. जन्मलेल्या बाळाच्या ओठांना किंवा टाळूला काही लागले, की ते चोखू लागते. ही प्रतिक्षिप्त क्रिया नसती, तर त्याला दूध पिता आले नसते. पोट भरल्यावरही ही ओढ थांबत नाही, कारण चोखण्याने बाळ शांत होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नळीने दूध देताना काही रुग्णालयांत मुद्दाम चोखणी दिली जाते. अशी बाळे तोंडाने दूध घेण्यास लवकर तयार होतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

चोखणीचा हा एक उपकारक भाग झाला. दुसरा भाग झोपेशी संबंधित आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2005 मध्ये पालकांना सल्ला दिला, की पहिल्या वर्षात बाळाला झोपवताना चोखणी द्यावी. झोपेत अकस्मात होणाऱ्या अर्भकमृत्यूंचे प्रमाण चोखणी घेणाऱ्या बाळांमध्ये कमी आढळले होते. ते का कमी असते, याचा नेमका उलगडा झालेला नाही. या सल्ल्याला अटी आहेत. स्तनपान नीट सुरू झाल्याशिवाय चोखणी देऊ नये. बाळाला उताणे झोपवावे. झोपेत ती तोंडातून गळून पडली, तर पुन्हा कोंबू नये. पहिला वाढदिवस उलटल्यावर चोखणीच्या बाजूचा हा युक्तिवाद संपतो, हे मात्र पालकांच्या ध्यानात राहत नाही.

स्तनपानाच्या प्रश्नावर जागतिक भूमिकाही थोडी बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1989 मध्ये यशस्वी स्तनपानासाठी जी दहा सूत्रे मांडली, त्यांतले नववे सूत्र स्तनपान करणाऱ्या बाळाला चोखणी किंवा कृत्रिम निपल देऊच नये, असे होते. 2018 मध्ये ही सूत्रे सुधारण्यात आली, तेव्हा निषेधाची जागा समुपदेशनाने घेतली. बाटली, निपल आणि चोखणी यांचा वापर आणि त्यांतले धोके मातेला समजावून सांगावेत, असे आता ते सूत्र म्हणते. भारतात 1992 च्या कायद्याने बालदुग्ध-पर्याय आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर निर्बंध आले आणि 2003 च्या दुरुस्तीने ते अधिक कडक झाले. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, हा सल्ला आजही कायम आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत, आई आणि बाळ एकमेकांना सरावत असताना, चोखणी मध्ये आणली तर बाळाच्या भुकेची खूण झाकली जाते. बाळ रडते, तोंडात रबर जाते, बाळ गप्प होते आणि एक पाजणे चुकते. पाजणे चुकत गेले, की दूधही कमी येऊ लागते.

गप्प करण्याचा जुना इतिहास

रडते मूल शांत करण्याची गरज रबर येण्यापूर्वीपासूनची आहे. युरोपात साखर किंवा पाव कापडाच्या पुरचुंडीत बांधून बाळाच्या तोंडात देत असत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या 1506 मधील एका चित्रात बाळ येशूच्या हातात अशी पुरचुंडी दिसते. आपल्याकडे गुळाचा खडा फडक्यात बांधून देणे किंवा मधाचे बोट चाटवणे हे प्रकार घरोघर होते.

कोकणाच्या बाबतीत या इतिहासाचे एक पान जास्त काळे आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या कामगारांची संख्या मोठी होती आणि त्यांत स्त्रियाही होत्या. गिरणीचा भोंगा झाला, की तान्हे मूल चाळीतल्या खोलीत कोणाच्या तरी भरवशावर टाकून जावे लागे. ते रडू नये, झोपून राहावे, म्हणून त्याला 'बाळगोळी' दिली जाई. या गोळीत अफू असे. 1920 च्या दशकात गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ही पद्धत किती सर्रास आहे, हे सरकारी कागदांवर आले. त्या आया निष्ठुर नव्हत्या. त्यांना रजा नव्हती, पाळणाघर नव्हते आणि दिवसाचा रोज बुडवणे परवडत नव्हते. बाळंतपणाच्या लाभाचा मुंबई प्रांताचा कायदा त्यानंतर, 1929 मध्ये झाला.

चोखणीची तुलना अफूशी करण्याचे कारण नाही. ती विष नव्हे. मात्र मूल का रडते आणि त्याला गप्प कोण, कशासाठी करू पाहते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. 2017 च्या कायदेदुरुस्तीने नोकरदार मातांना पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची प्रसूतिरजा मिळू लागली. 26 आठवडे म्हणजे सहा महिने. चोखणीचा वापर कमी करायला सुरुवात करावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते वयही साधारण सहा महिन्यांचेच. नेमक्या त्याच वेळी आई कामावर रुजू होते आणि मूल पाळणाघरात, शेजारणीकडे किंवा गावाहून आलेल्या आजीकडे जाते. त्याच्या पिशवीत दुपट्याबरोबर चोखणीही जाते. दिवसभर अनोळखी हातात असलेल्या मुलाला ओळखीची अशी ती एकच वस्तू उरते. अशा घरात चोखणी सुटत नाही याबद्दल आईला बोल लावणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही.

कान आणि दात

सहा महिन्यांनंतर वापर का घटवायचा, याचे पहिले कारण कानात आहे. सतत चोखणी तोंडात असलेल्या मुलांना मध्यकर्णाचा दाह अधिक वेळा होतो. चोखताना घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीतला दाब बदलतो आणि जंतूंना वाट मिळते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. फिनलंडमधील संशोधकांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. काही बालआरोग्य केंद्रांतल्या पालकांना त्यांनी इतकेच समजावले, की चोखणी फक्त झोप लागताना द्या. ती बंद करा, असे सांगितले नव्हते. त्या केंद्रांतल्या मुलांमध्ये कानाच्या तीव्र दाहाचे प्रमाण 29 टक्क्यांनी कमी आढळले. एका साध्या मर्यादेने एवढे साधत असेल, तर पहिल्याच दिवशी युद्ध पुकारण्याची गरज नाही.

दुसरे कारण दातांचे. दुधाचे वीस दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. त्यानंतरही चोखणी दिवसातले अनेक तास तोंडात राहिली, तर वरचे पुढचे दात बाहेर झुकतात आणि तोंड मिटल्यावरही वरच्या-खालच्या दातांत फट राहते. दंतवैद्य याला 'ओपन बाइट' म्हणतात. गालांच्या सततच्या ओढीने वरचा जबडा अरुंद होतो आणि दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत. याला 'क्रॉस बाइट' असे नाव आहे. तिसऱ्या वर्षाच्या आत सवय सुटली, तर पुढची फट पुष्कळदा आपोआप भरून येते. अरुंद झालेला जबडा मात्र इतक्या सहजपणे पूर्ववत होत नाही. चोखणी किती वर्षे वापरली, याबरोबरच दिवसातून किती तास आणि किती जोराने चोखली, यावरही परिणाम ठरतो. दोन वर्षांचे मूल झोप लागेपर्यंत दहा मिनिटे चोखणी घेते आणि दुसरे दिवसभर ती तोंडात ठेवून हिंडते, ही दोन वेगळी प्रकरणे आहेत.

अंगठ्याचा मुद्दा येथे हटकून निघतो. 'चोखणी काढली तर अंगठा धरेल' ही भीती अगदीच अनाठायी नाही, काही मुले तसे करतात. पण अंगठ्यापेक्षा चोखणी बरी, असेही अनेक दंतवैद्य म्हणतात. त्याचे कारण साधे आहे. चोखणी कपाटात ठेवता येते, अंगठा ठेवता येत नाही.

कडू लावण्याचा उपाय

आता आजीच्या कोरफडीकडे. अंगावरचे दूध तोडताना स्तनाला कोरफडीचा गर, काळा बोळ किंवा कडुलिंबाचा पाला वाटून लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तिच्याच जोरावर चोखणीलाही कडू लावले जाते. उपाय बहुधा लागू पडतो, हे नाकारता येत नाही. परंतु त्यात दोन अडचणी आहेत. पानाचा कडू चीक पोटात गेला, तर जुलाब होऊ शकतात. लहान मुलाच्या बाबतीत हा धोका पत्करण्याचे काही कारण नाही. दुसरी अडचण अशी, की ज्या वस्तूने मूल शांत होत असे तीच अचानक त्याला दगा देते आणि त्या जागी दुसरे काहीच मिळत नाही. तिखट लावण्याचे प्रकारही कानावर येतात. त्याला उपाय म्हणणे कठीण आहे.

गोडाचा मार्ग तर त्याहून वाईट. चोखणी मधात किंवा साखरेच्या पाण्यात बुडवून देण्याने नव्या दातांना कीड लागते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. मधात कधी कधी असणाऱ्या जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. बारशाच्या दिवशी बाळाला मध चाटवण्याची रीत अजूनही पाळली जाते, म्हणून हे येथे ठळकपणे सांगणे आवश्यक आहे.

चोखणीचे टोक कात्रीने थोडे थोडे कापत जावे, म्हणजे मुलाचा रस संपतो, असाही सल्ला दिला जातो. तो पाळू नये. कापलेल्या रबराचा तुकडा सुटून घशात अडकू शकतो. याच कारणासाठी चिरलेली किंवा चिकट झालेली चोखणी ताबडतोब टाकून द्यायला हवी. बाळाच्या गळ्यातल्या काळ्या गोफात चोखणी ओवून ठेवण्याची सोय अनेक घरांत केली जाते. हा गोफ पाळण्याच्या कडीत किंवा खिळ्यात अडकला, तर गळ्याला फास बसतो. हरवली तरी चालेल, पण चोखणी गळ्यात नको. पावसाळ्यात, शेणाने सारवलेल्या किंवा ओल्या जमिनीवर पडलेली चोखणी पदराला पुसून परत तोंडात देणे म्हणजे जुलाबाला आमंत्रण. ती उकळत्या पाण्यातूनच काढली पाहिजे.

सोडवायची कशी

सहा महिने ते एक वर्ष हा काळ त्यातल्या त्यात सोपा असतो. या वयात मुलाचा चोखणीशी अजून पक्का ऋणानुबंध जडलेला नसतो आणि खुळखुळा, पान, पातेल्याचे झाकण अशा कशानेही लक्ष वळवता येते. दीड वर्षानंतर मूल चोखणी मागू लागते, शोधू लागते, हट्ट करते. काम होतेच, पण वेळ जास्त लागतो.

पहिली पायरी जागेची. चोखणी पाळण्यात किंवा अंथरुणातच राहील, मूल उठून खेळू लागले की ती तिथेच मागे राहील, असा घराचा नियम करावा. अंगणात, बाजारात, एसटीत ती नेऊ नये. बहुतेक मुलांची दिवसाची चोखणी एवढ्यानेच बरीचशी सुटते, कारण दिवसा ती बहुधा गरजेपेक्षा कंटाळ्यामुळे तोंडात जाते. बरेचदा ती मुलाला कंटाळा आला म्हणून नव्हे, तर मोठ्यांना फोनवर बोलायचे असते म्हणून दिली जाते, हेही खरे.

रात्रीचा प्रश्न वेगळा आणि जास्त कठीण. झोप लागण्यासाठी मुलाने एक क्रम ठरवून घेतलेला असतो आणि चोखणी हा त्यातला शेवटचा टप्पा असतो. तो काढण्याआधी क्रमात दुसरे काही रुजवावे लागते. अंग कोमट पाण्याने पुसणे, दिवा मंद करणे, रोज तेच एक गाणे, पाठीवर थोपटणे, आईच्या जुन्या साडीची मऊ घडी हातात देणे, यांतले काहीही चालेल. अट एवढीच, की ते रोज त्याच क्रमाने व्हावे. आठ-पंधरा दिवस चोखणी आणि हे सारे बरोबरीने चालू ठेवावे. मग एके रात्री चोखणी देऊ नये. त्या रात्री मूल रडणारच. दुसऱ्या रात्रीही रडेल. साधारणपणे तीन-चार रात्रींत जोर ओसरतो, काही मुलांना आठवडा लागतो. रडणाऱ्या मुलाजवळ बसावे, थोपटावे, उचलून घ्यावे, परंतु तिसऱ्या रात्री कंटाळून चोखणी परत देऊ नये. तसे केले तर पुरेसे रडले की चोखणी मिळते, एवढेच मूल शिकते आणि पुढचा प्रयत्न दुप्पट अवघड होतो.

म्हणून घरातल्या सर्वांचे आधी एकमत होणे गरजेचे आहे. आईने बंद केलेली चोखणी आजोबांनी कपाटातून काढून दिली, की सगळे मुसळ केरात. पाळणाघर असेल तर तिथेही सांगून ठेवावे.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाशी बोलता येते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेत एक झाड आहे. चोखणी सोडणारी मुले आपली चोखणी चिठ्ठीसह त्या झाडाला बांधून निरोप घेतात. झाडाला मनातले काही बांधून मोकळे होण्याची कल्पना कोकणाला अगदीच परकी वाटणार नाही. गणपतीच्या विसर्जनाबरोबर चोखणीही जगबुडीत सोडून देऊ, असे खेडमधल्या एखाद्या हौशी काकाला सुचू शकेल. निरोपाची कल्पना चांगली आहे, पण नदीत रबर आणि प्लास्टिक टाकणे नव्हे. घरातल्या एखाद्या डब्यात मुलाच्याच हाताने ती ठेवून झाकण लावले, तरी तोच परिणाम साधतो. त्या डब्याला नंतर हात लावायचा नाही, एवढे मोठ्यांनी पाळावे.

गणपतीत की गणपतीनंतर?

'गावी आलोच आहोत, माणसे आहेत, तर इथेच सोडवून टाकू' असा विचार सुट्टीत हमखास होतो. त्याचे उत्तर अर्धे होय आणि अर्धे नाही असे द्यावे लागेल. प्रवास, नवे घर, आजारपण, धाकट्या भावंडाचा जन्म किंवा आईचे कामावर परतणे, अशा उलथापालथीच्या दिवसांत झोपेची चोखणी काढू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. आरत्या, भजने, रात्री उशिरापर्यंत पेटलेले दिवे आणि रोज नवे चेहरे यांत मुलाची झोप आधीच विस्कटलेली असते. त्यातच रात्रीची चोखणी हिरावली, तर मूल, आई आणि माजघरात झोपलेली सारी माहेरवाशीण मंडळी, सर्वांचेच हाल.

दिवसाच्या चोखणीसाठी मात्र याहून चांगला मुहूर्त मिळणे कठीण. मुंबईच्या दोन खोल्यांत कंटाळणाऱ्या मुलाला येथे अंगण असते, पडवीत कोंबडीची पिले असतात, कडेवर घेऊन फिरणारी चार आतेभावंडे असतात. तोंडात काही आहे की नाही, याची त्याला आठवणही राहत नाही. आणि आजीकडे कोरफडीपेक्षा मोलाचे एक साधन असते. जुन्या लुगड्याची झोळी तुळईला बांधून तिने घरातली सगळी मुले झोपवलेली असतात. झोका, थोपटणे आणि एकसुरी गाणे हा तिचा क्रम चोखणीची जागा घेऊ शकतो. सुनेने तो शिकून घेतला आणि मुंबईला परतल्यावर, घडी नीट बसली की, पंधरा-वीस दिवसांनी रात्रीची चोखणी बंद केली, तर आजी आणि सून यांचा वाद तिथेच मिटतो. झोळीची गाठ पक्की आहे का आणि खाली जमीन मोकळी आहे का, एवढे पाहून घ्यावे. मूल उठून बसू लागले, की झोळीचा वापर थांबवावा.

काही मुलांची चोखणी चौथे वर्ष लागले तरी सुटत नाही. त्यांना ओरडून, 'एवढा मोठा झालास' असे चारचौघांत हिणवून काही साधत नाही. मूल लपून चोखू लागते, इतकेच. अशा वेळी दात तपासून घ्यावेत आणि मुलाला कशाची भीती वाटते का, शाळेत किंवा घरात काही बिनसले आहे का, हेही पाहावे. कान वारंवार दुखणे, कानातून पाणी येणे किंवा हाक मारल्यावर न वळणे, यांपैकी काही आढळल्यास वयाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. त्यासाठी मुंबईला परतण्याचीही गरज नाही. खेड तालुक्यात कळंबणी येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि दातांसाठी खेडमध्येच योगिता दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.